व्हॅनेडियमच्या गोळ्या आणि मधुमेह : आधार कितपत, धोका कितपत?

प्रश्न — कऱ्हाकाठ

नमस्कार. माझे काका ५८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. सध्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. नुकत्याच झालेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.९ टक्के आणि सीरम क्रिएटिनिन १.४ आले आहे. दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या आत्येभावाने त्यांच्यासाठी एका पूरकाच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलवर ‘व्हॅनाडिल सल्फेट १० मि.ग्रॅ.’ एवढाच घटक छापलेला असून रोज तीन गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात, असे लिहिले आहे. आत्येभावाचे म्हणणे असे की, हे खनिज इन्सुलिनसारखे काम करते, त्यावर मोठमोठ्या नियतकालिकांत संशोधन प्रसिद्ध झालेले आहे आणि ते नैसर्गिक असल्याने अपाय होण्याचा प्रश्नच नाही.

काकांनी बाटली अजून उघडलेली नाही, कारण आधी मी चौकशी करावी असा त्यांचा आग्रह आहे. माझे शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्रापर्यंत झाले असल्याने थोडा तपशील आला तरी चालेल. या दाव्याला खरोखर काही शास्त्रीय आधार आहे का? असेल, तर एवढ्या वर्षांत याचे औषध का झाले नाही? आणि मूत्रपिंडाचा अहवाल असा काठावरचा असताना या गोळ्या घेणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर — अकार्बनी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, आधार आहे’ असेच द्यावे लागेल. हा विषय भोंदूगिरीतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने समजून घ्यायला हवा.

शरीरात व्हॅनेडियम मुख्यतः दोन रूपांत वावरते : +५ अवस्थेतील व्हॅनेडेट आणि +४ अवस्थेतील व्हॅनाडिल. यातील व्हॅनेडेट हे आकाराने आणि विद्युतभाराने फॉस्फेटशी विलक्षण मिळतेजुळते आहे. फरक इतकाच की, फॉस्फरस पाच बंधांच्या अवस्थेत केवळ क्षणभर, अभिक्रिया चालू असतानाच, राहतो; व्हॅनेडियम मात्र त्या अवस्थेत आरामात टिकते. त्यामुळे फॉस्फेट तोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियास्थानी व्हॅनेडेट शिरले की, अर्धी फिरून कुलपात अडकलेल्या किल्लीसारखे ते तिथेच बसून राहते आणि विकराचे काम थांबते.

आता इन्सुलिनकडे येऊ. इन्सुलिन पेशीवरील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटले की त्या ग्राहीवरील टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढते, तिथून संदेश पेशीच्या आत जातो आणि अखेरीस ग्लुकोज आत घेणारी ग्लुट-४ ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. हा संदेश संपवण्याचे काम पीटीपी-१बी नावाचे विकर करते. ते टायरोसिनवरचे फॉस्फेट काढून टाकते. व्हॅनेडेटने हेच विकर रोखले की, असलेल्या इन्सुलिनचा संदेश अधिक काळ टिकतो. म्हणजे व्हॅनेडियम इन्सुलिनची जागा घेत नाही, तर त्याचा परिणाम लांबवते. ‘इन्सुलिनसारखे काम करते’ हे आत्येभावाचे वाक्य एवढ्यापुरते दुरुस्त करून घ्यावे.

इतिहासही रंजक आहे. १८९९ साली फ्रान्समधील ल्यों येथील डॉक्टरांनी निरनिराळ्या व्याधींच्या रुग्णांना सोडियम मेटाव्हॅनेडेट देऊन पाहिले. त्यांत तिघे मधुमेही होते आणि त्यांपैकी दोघांच्या लघवीतील साखर किंचित उतरली. इन्सुलिनचा शोध १९२१ चा, म्हणजे ही त्याच्याही आधीची गोष्ट. पुढे बराच काळ हे विस्मरणात गेले. १९७७ मध्ये एक चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. घोड्याच्या स्नायूंपासून तयार केलेले, बाजारात विकत मिळणारे एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा, फॉस्फेट असलेला रेणू) वापरले की पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंपाचे विकर मंदावत असे, आणि दुसऱ्या पद्धतीने बनवलेले एटीपी वापरले की तसे होत नसे. शोध घेता घेता त्या एटीपीतील अशुद्धी म्हणजे व्हॅनेडेट असल्याचे कँटली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९८० च्या सुमारास शेख्टर आणि कार्लिश यांनी उंदरांच्या मेदपेशींवर व्हॅनेडियमचा इन्सुलिनसदृश परिणाम नोंदवला. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे मॅकनील यांच्या गटाने, स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट दिले. त्यांची रक्तशर्करा उतरली, हृदयाचे मंदावलेले कार्य सुधारले, आणि हे सारे रक्तातील इन्सुलिन न वाढता घडले. हा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि तिथून या विषयाला पूर आला. आत्येभाऊ ज्या ‘मोठ्या नियतकालिकां’विषयी बोलतो, त्यांत हा निबंध नक्कीच असणार.

मात्र वरचा १९७७ चा प्रसंग पुन्हा वाचावा. तिथे व्हॅनेडेटने रोखले ते मधुमेहाशी संबंधित विकर नव्हते, तर जवळजवळ प्रत्येक पेशीत चालणारा सोडियमचा पंप होता. शरीरात फॉस्फेट हाताळणारी विकरे असंख्य आहेत, आणि त्यांतील नेमके पीटीपी-१बी निवडून बाकीच्यांना सोडून द्यावे, असा विवेक या साध्या क्षाराकडे नाही. गुण आणि दोष एकाच स्वभावातून आलेले असल्याने दोष तेवढा वेगळा काढणे रसायनशास्त्रज्ञांना फार जड गेले आहे.

आणखी एक मुद्दा प्रयोगशाळेतला. आमच्याकडे पेशी फोडण्याच्या बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालतात, ते याच फॉस्फेटेज विकरांना थोपवण्यासाठी. त्याचे द्रावण करताना पीएच १० वर आणला की द्रावण पिवळे दिसते. ते रंगहीन होईपर्यंत उकळायचे, गार करायचे, पुन्हा पीएच तपासायचा, पुन्हा पिवळे झाले तर पुन्हा उकळायचे. तो पिवळा रंग दहा व्हॅनेडियम अणू एकत्र आलेल्या डेकाव्हॅनेडेटचा असतो आणि त्या रूपात ते टायरोसिन फॉस्फेटेज विकरांवर अपेक्षित काम करत नाही. काचेच्या भांड्यात केवळ पीएच बदलल्याने पदार्थाचे रूप एवढे पालटत असेल, तर आम्लधर्मी जठरातून अल्कधर्मी आतड्यात आणि तिथून रक्तात जाणाऱ्या गोळीचे काय होत असेल, याची कल्पना यावी. गोळीत जे असते तेच पेशीपर्यंत पोहोचते, असे या धातूच्या बाबतीत म्हणता येत नाही.

उत्तर — निशिगंध

मी व्यवसायाने फिजिशियन आहे. अकार्बनी यांनी पाया उत्तम घातला आहे, त्यामुळे मी थेट माणसांवरील चाचण्यांकडे येतो.

१९९५ ते २००१ या काळात अमेरिकेत काही लहान चाचण्या झाल्या. कोहेन आणि सहकाऱ्यांनी टाइप २ च्या सहा रुग्णांना तीन आठवडे रोज १०० मि.ग्रॅ. व्हॅनाडिल सल्फेट दिले. उपाशीपोटीची साखर सरासरी २१० वरून १८१ वर आणि एचबीए१सी ९.६ वरून ८.८ वर आले. बोडेन यांच्या चाचणीत आठ रुग्ण होते आणि मात्रा तेवढीच होती. चार आठवड्यांत उपाशीपोटीची साखर सुमारे २० टक्क्यांनी उतरली, पण आठांपैकी सहा जणांना पहिल्या आठवड्यात पोटाच्या तक्रारी झाल्या. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातील गोल्डफाइन यांनी २००० साली सोळा रुग्णांवर ७५, १५० आणि ३०० मि.ग्रॅ. अशा मात्रा वापरून पाहिल्या. सर्वांत मोठ्या मात्रेला मळमळ, पोटात कळ आणि जुलाब यांनी रुग्ण हैराण झाले. त्या चाचणीतील एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : रक्तातील व्हॅनेडियमची पातळी आणि साखरेवरील परिणाम यांचा परस्परसंबंध आढळला नाही. रक्ततपासणी करून मात्रा बेतावी, तर तोही मार्ग हाती लागत नाही.

या चाचण्या अतिशय लहान होत्या, थोड्या आठवड्यांच्या होत्या, आणि त्यांत कठोर अर्थाने प्लासिबोशी (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना झालेली नव्हती. २००८ साली या विषयाचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या ब्रिटिश संशोधकांनी १५१ अभ्यास चाळले; त्यांच्या मूळ निकषांत त्यांतील एकही बसला नाही. निकष सैल केल्यावर पाच अभ्यास उरले आणि त्यांतील एकूण रुग्ण अवघे ४८ होते. त्याच वर्षी मेक्सिकोत, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्तींवर प्लासिबोसह चाचणी झाली. तीत इन्सुलिनची परिणामकारकता सुधारली नाही, उलट ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आढळले.

आता तुमच्या काकांच्या बाटलीचा हिशेब मांडू, कारण खरी मेख तिथेच आहे. लेबलवरचे १० मि.ग्रॅ. हे क्षाराचे वजन आहे, धातूचे नव्हे. व्हॅनाडिल सल्फेट निर्जल असेल तर त्याच्या वजनाच्या सुमारे ३१ टक्के व्हॅनेडियम असते. पाण्याचे पाच रेणू असलेला क्षार असेल तर सुमारे २० टक्के. लेबलवर ते स्पष्ट केलेले नाही, म्हणून एका गोळीत २ ते ३ मि.ग्रॅ. आणि दिवसाच्या तीन गोळ्यांत ६ ते ९ मि.ग्रॅ. धातू धरावा लागेल. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ साली प्रौढांसाठी ठरवलेली कमाल मर्यादा दिवसाला १.८ मि.ग्रॅ. धातू एवढी आहे आणि ती उंदरांच्या मूत्रपिंडांना झालेल्या इजेच्या आधारे ठरवलेली आहे. म्हणजे काका त्या मर्यादेच्या तिप्पट ते पाचपट मात्रा घेतील. दुसरीकडे, ज्या चाचण्यांत साखर उतरली त्यांतील १०० मि.ग्रॅ. क्षारात २० ते ३१ मि.ग्रॅ. धातू होता, काकांची मात्रा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरत नाही. गुण येण्यासाठी अपुरी आणि सुरक्षिततेसाठी जास्त, अशी ही मात्रा आहे. रोजच्या जेवणातून आपल्या पोटात जाणारे व्हॅनेडियम केवळ १० ते २० मायक्रोग्रॅमच्या घरात असते, हे लक्षात घेतले की ‘नैसर्गिक’ या शब्दावर किती भार टाकायचा ते ठरवता येईल.

काकांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष आहेत. ५८ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.४ असेल तर मूत्रपिंडांची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ५८ येते, आणि ती ६० च्या खाली आहे. शोषले गेलेले व्हॅनेडियम मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. बाहेर पडण्याचा मार्ग आणि इजा होण्याचे ठिकाण एकच असल्याने अशा रुग्णाने हा प्रयोग मुळीच करू नये. दुसरे असे की, ग्लिमेपिराइडने मुळातच साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो. त्यात ज्याची मात्रा आणि परिणाम यांचा मेळ बसत नाही असे द्रव्य घालणे शहाणपणाचे नाही. मोठ्या मात्रेत काय होऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात आहे : अमोनियम व्हॅनेडेट पोटात गेलेल्या एका तरुणीला उलट्या-जुलाबांबरोबर तीव्र हायपोग्लायसेमिया आणि मूत्रपिंड निकामी होणे, हे दोन्ही झाले. गोळीच्या मात्रेत असे घडेल असे मी म्हणत नाही. पण साखर उतरणे आणि मूत्रपिंड बिघडणे या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात दिसल्या, हे बोलके आहे.

डॉक्टरांच्या भेटीत बाटली दाखवावी आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली आहे का, ते विचारावे. एचबीए१सी ७.९ असताना आणि मूत्रपिंडाची काळजी असताना डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आज उपलब्ध आहेत. त्यांचा मूत्रपिंडांना होणारा फायदा मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला आहे आणि भारतात ती जेनेरिक स्वरूपात परवडणाऱ्या दरात मिळतात. ती काकांना योग्य आहेत की नाही, हे त्यांना तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — कऱ्हाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्षाराचे वजन आणि धातूचे वजन यांतला फरक लेबल वाचताना आपल्याला सुचायला हवा होता, असे आत्येभाऊच आता म्हणतो आहे. त्याने माघार घेतलेली नाही, पण मुद्दे बदलले आहेत. त्याचा पहिला मुद्दा असा की, दिल्लीतील एका विद्यापीठात मेथी आणि व्हॅनेडियम एकत्र देऊन उत्तम परिणाम मिळाले होते. तेव्हा गोळी कमी करून मेथीबरोबर घ्यावी. दुसरा असा की, साध्या क्षाराऐवजी सेंद्रिय रेणूला जोडलेले व्हॅनेडियम सुरक्षित असते. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर — प्रथिनवेडी

मेथीचे संशोधन खरे आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात नजमा बाकर यांच्या गटाने अॅलॉक्सन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांवर हे काम अनेक वर्षे केले. एकट्या सोडियम ऑर्थोव्हॅनेडेटची मात्रा पिण्याच्या पाण्यात दर मिलिलिटरला ०.६ मि.ग्रॅ. ठेवली तर साखर उतरे, पण विषारी परिणामही दिसत. ती मात्रा ०.२ वर आणून आहारात पाच टक्के मेथीदाण्याची पूड मिसळली असता साखर, विकरांची क्रिया आणि ग्लुट-४ चे पेशीपृष्ठावर येणे या तिन्ही बाबतींत जवळपास निरोगी उंदरांसारखी स्थिती दिसली. मला हे काम मनापासून आवडते, कारण मात्रा आणि विषारीपणा यांतील अंतर वाढवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

परंतु त्यातून माणसासाठी मात्रा काढता येत नाही. ‘कमी मात्रा’ म्हटलेले ०.२ मि.ग्रॅ. प्रति मिलिलिटर हे पाणी उंदीर दिवसभर पितो, आणि मधुमेही उंदीर तर भरपूर पितो; वजनाच्या प्रमाणात पाहिले तर ती मात्रा काकांच्या गोळीच्या कितीतरी पट ठरते. शिवाय अॅलॉक्सन आणि स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायने स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करतात, तेव्हा हा मधुमेह टाइप २ सारखा नसतो. आणि मेथीच्या बाबतीत एक साधी गोष्ट विसरली जाते. मेथीतील चिकट तंतूंमुळे साखरेचे शोषण मंदावते, हा तिचा स्वतःचा गुण आहे. काकांना मेथी आवडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर ती त्यांनी जरूर खावी. तिच्यासोबत व्हॅनेडियमची गरज नाही.

उंदरांच्या प्रयोगांविषयी दुसरी बाजूही नोंदवते. स्पेनमधील होसे दोमिंगो यांच्या गटाने १९९१ मध्ये व्हॅनेडियमच्या निरनिराळ्या रूपांची तुलना करून असे दाखवले की, रूप कोणतेही असो, मधुमेही उंदरांत वजन घटणे, जुलाब आणि मृत्यू हे दुष्परिणाम ठळक होते. प्राणी खाणेपिणे कमी करतात तेव्हा त्यांची साखर त्या कारणानेही उतरते. तेव्हा साखर उतरण्यातला किती भाग औषधाचा आणि किती उपासमारीचा, यावर या क्षेत्रात बराच वाद झाला आणि मला तो वाद रास्त वाटतो.

आता सेंद्रिय रेणूंविषयी. व्हँकुव्हर येथेच मॅकनील आणि ख्रिस ऑर्व्हिग यांनी माल्टॉल या खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या स्वाददायी रेणूला व्हॅनाडिल जोडून बीएमओव्ही हे संयुग तयार केले. ते आतड्यातून अधिक चांगले शोषले जाते आणि साध्या क्षाराच्या दोन ते तीन पट प्रभावी ठरते. त्याचाच भाऊबंद असलेले बीईओव्ही हे माणसांपर्यंत पोहोचले. ‘एकेपी-०२०’ या नावाने त्याची प्राथमिक सुरक्षिततेची चाचणी झाली आणि नंतर मोजक्या मधुमेही रुग्णांना २८ दिवस रोज २० मि.ग्रॅ. देण्यात आले. काहींची साखर खरोखर सुधारली. तथापि काही रुग्णांत मूत्रपिंडाच्या तक्रारी दिसल्या, काम पुढे सरकले नाही आणि २०११ मध्ये पेटंटची मुदतही संपली. तुमच्या दुसऱ्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे औषध का झाले नाही याचे, उत्तर बव्हंशी इथे आहे.

माल्टॉलने साध्य होते ते शोषण. रक्तात गेल्यावर तो रेणू गळून पडतो आणि सुटे झालेले व्हॅनेडियम लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाला जाऊन चिकटते. तिथून पुढे ते कोठून आले याने फरक पडत नाही. उंदरांवर किरणोत्सारी व्हॅनेडियम वापरून केलेल्या अभ्यासात ते मूत्रपिंडात काही दिवस, तर हाडांत महिनाभर राहत असल्याचे दिसले. हाडातील खनिज हे कॅल्शियम फॉस्फेटच असल्यामुळे फॉस्फेटच्या या जुळ्याला तिथे सहज घर मिळते. उपचार थांबवल्यावरही कित्येक आठवडे उंदरांची साखर ताब्यात राहिल्याच्या नोंदी आहेत. संशोधक म्हणून मला त्या आकर्षक वाटतात. पण रुग्णाच्या बाजूने विचार केला तर त्याच नोंदी असे सांगतात की, त्रास झाल्यावर गोळी बंद केली तरी धातू शरीरातून लगेच जाणार नाही.

‘नैसर्गिक’ या मुद्द्यावर जाता जाता एक : जपानमध्ये फुजी पर्वताच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेले पाणी ‘व्हॅनेडियमयुक्त’ म्हणून बाटल्यांतून विकले जाते. बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा व्हॅनेडियम बरेच अधिक असते, आणि आपला दख्खनचा काळा कातळही बेसाल्टच आहे. मात्र फुजीच्या पाण्याच्या जाहिराती लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये बोलतात. गोळीचा हिशेब मिलिग्रॅममध्ये आहे. हजारपटीचा हा फरक ध्यानात ठेवावा.

उत्तर — तुर्भे_शिफ्ट

वरच्या चर्चेत पोटात जाणाऱ्या व्हॅनेडियमचाच विचार झाला आहे. श्वासावाटे जाणाऱ्याविषयी थोडे लिहितो, कारण माझी नोकरी गंधकाम्लाच्या प्रकल्पांत गेली. सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा उत्प्रेरक असतो. सिलिकाच्या आधारावर बसवलेल्या या गोळ्यांत पेंटॉक्साइड थोड्याच टक्क्यांनी असते आणि प्रकल्प चालू असताना कोणालाही त्रास नसतो. शटडाउनमध्ये थरांतला उत्प्रेरक बाहेर काढून चाळावा लागतो, कारण त्याचा भुगा होऊन वायूचा मार्ग तुंबतो. खरा धोका या चाळणीच्या कामात आहे. पिवळसर धूळ उडते, आणि मास्क नीट बसलेला नसेल तर रात्रीपर्यंत खोकला सुरू होतो. कित्येकदा लक्षणे काही तासांनी उमटतात, त्यामुळे कामगार दुपारी ठणठणीत दिसतो आणि घरी गेल्यावर छातीत घरघर सुरू होते. एकदा त्रास झालेल्याला पुढच्या वेळी थोड्या धुळीनेही अधिक त्रास होतो, हे मी पाहिले आहे.

जिभेवर हिरवट थर येणे ही याची ओळखीची खूण. अशा जिभा मी स्वतः पाहिल्या आहेत. तोंडात गेलेल्या व्हॅनेडियमचे क्षपण होऊन हिरवट क्षार तयार होतात, त्यामुळे हा रंग येतो. तो काही दिवसांत जातो आणि त्याने स्वतःहून अपाय होत नाही, पण हिरवी जीभ दिसली की त्या माणसाने धूळ खाल्ली आहे, असे समजून त्याला कामावरून उठवावे. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे बऱ्याच ठिकाणी होत नाही. कापडी फडके बांधून चाळणीवर उभी केलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्याविषयी केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले ते न सांगितलेले बरे.

जड इंधन तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या राखेतही व्हॅनेडियम असते आणि ती साफ करणाऱ्यांना होणारा श्वासनलिकांचा दाह औद्योगिक वैद्यकात फार पूर्वीपासून परिचित आहे. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्यविषयक संस्थेने सुचवलेली हवेतील कमाल पातळी घनमीटरला ०.०५ मि.ग्रॅ. व्हॅनेडियम इतकी कडक आहे. पेंटॉक्साइडच्या धुळीने प्रयोगातील उंदरांच्या फुप्फुसांत गाठी झाल्याचे आढळल्यावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये त्याची गणना ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २बी गटात केली.

प्रश्न — सह्याद्रीपुत्र

चर्चा वाचून दोन शंका आल्या. आमच्या व्यायामशाळेत ‘स्नायू भरीव दिसतात’ म्हणून व्हॅनाडिल सल्फेट घेणारी मुले आहेत. त्याचा उपयोग होतो का? आणि कर्करोगावर व्हॅनेडियम चालते असेही वाचले होते. मग तेच कर्करोगकारक कसे?

उत्तर — अकार्बनी

दुसऱ्या शंकेपुरते लिहितो. कर्करोगकारक गटात आहे ते श्वासावाटे जाणारे पेंटॉक्साइड, आणि कर्करोगावर अभ्यासली जाणारी आहेत ती निराळी संयुगे. धातू एकच असला तरी संयुग, मार्ग आणि मात्रा बदलल्या की परिणाम बदलतो. जर्मनीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोफ आणि कोफ-मायर यांनी व्हॅनेडोसीन डायक्लोराइड या संयुगाचा गाठींवरील परिणाम प्राण्यांत दाखवला. पाण्यात ते फार टिकत नाही, ही त्याची अडचण ठरली. अलीकडे कोलोरॅडोतील डेबी क्रान्स आणि सिडनीतील पीटर ले यांनी हीच अडचण कामाला जुंपली आहे. गाठीतच टोचायचे, पेशीत पटकन शिरणारे आणि उरलेले काही वेळात मोडून कमी विषारी रूपात जाणारे संयुग बनवायचे, अशी त्यांची दिशा आहे. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशींवर त्याचे प्रयोग झाले आहेत. मला ही वाट मधुमेहाच्या वाटेपेक्षा अधिक आशादायक वाटते. मधुमेहात वर्षानुवर्षे रोज गोळी घ्यायची असते आणि साठत जाणाऱ्या धातूला ते परवडत नाही. गाठीत मोजक्या वेळा टोचायच्या औषधाला तेवढी विषारीता खपवून घेता येते. अर्थात हे सारे अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

उत्तर — निशिगंध

व्यायामशाळेतील मुलांसाठी : न्यूझीलंडमध्ये १९९६ साली वजने उचलणाऱ्या खेळाडूंना बारा आठवडे, शरीराच्या दर किलोला रोज ०.५ मि.ग्रॅ. या मात्रेत व्हॅनाडिल सल्फेट देऊन प्लासिबोशी तुलना केली गेली. शरीराच्या घडणीत काहीही फरक पडला नाही. सत्तर किलोच्या मुलासाठी ही मात्रा ३५ मि.ग्रॅ. क्षार, म्हणजे ७ ते ११ मि.ग्रॅ. धातू इतकी होते. व्यायामशाळांत विकल्या जाणाऱ्या डब्यांवर याहून मोठे आकडे मी पाहिले आहेत. जी मुले सध्या घेत असतील त्यांनी ते थांबवावे आणि क्रिएटिनिन व लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. प्रथिनांची पूड आणि क्रिएटिन घेणाऱ्यांचे क्रिएटिनिन त्या कारणानेही थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून तपासणीला जाताना काय काय घेत आहोत याची यादी डॉक्टरांना द्यावी; आकडा वाढलेला दिसला की कारण शोधणे त्यामुळे सोपे जाते.

कऱ्हाकाठ, काकांची ईजीएफआर आणि अल्ब्युमिनचा अहवाल आला की इथे कळवावे.